चौथ्या मजल्याने धरलेलं दार

मिस्त्रीचा व्हिसाचा फॉर्म मी भरला होता. "तू साहित्य शिकलास ना? मग लिही," म्हणाला. प्रवासाचा उद्देश या रकान्यात मी लिहिलं, पत्नीची भेट, एकवीस दिवस. त्यात खोटं काही नव्हतं. अपुरं होतं, हे मला नंतर कळलं.

मिस्त्री दारं-खिडक्या करतो, जुनी कपाटं दुरुस्त करतो. मी त्याच्या हाताखाली. त्याची बायको, आमची वहिनी, परदेशी. वस्तुसंग्रहालयातल्या लाकडी सामानाच्या डागडुजीवर देखरेख करायला दोन वर्षांसाठी आली होती. काम मिस्त्रीकडे होतं. कपाटं झाली, लग्नही झालं. मग मुदत संपली आणि ती नोकरीसाठी परत गेली. मिस्त्रीला तिथे कायमचं राहायचा परवाना मिळायला अजून वर्ष होतं.

रोज दुपारी जेवताना तिचा फोन यायचा. तिथे तेव्हा सकाळ. ती मोडकंतोडकं मराठी बोलते, पण अडत नाही. एकदा सहज म्हणाली, "घराचं दार खाली घासतं. काल उघडेना. चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने खांदा लावून उघडलं."

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. "कोण हा चौथा मजला?"

"शेजारी. चांगला आहे."

"कुणासाठी चांगला?"

तेच नाव पडलं. चौथ्या मजल्याने तिची सायकल वर आणून दिली. चौथ्या मजल्याने दाराला मेण लावलं.

"मेण!" मिस्त्री माझ्यावर ओरडला, जणू मीच लावलं होतं. "दार फुगलंय. रंधा मारायला हवा. मेण लावतोय टोणगा!"

त्याची मोठी बहीण भाजी निवडत होती. "अरे, इथून नुसता बघत राहिलास तरी जळेल ते दार," ताई म्हणाली.

तो गेला. बॅगेत चार शर्ट होते, आणि टॉवेलात गुंडाळलेला वडिलांचा रंधा, दोन पटाश्या, हातोडी. मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर उभा होता. तीच बॅग, अंगात तोच शर्ट. त्याने एक कागद पुढे केला. "वाच. काय लिहिलंय नीट सांग."

प्रवेश नाकारल्याचा कागद होता.

विमानतळावर त्याची बॅग उघडली होती. फोनवर दुभाषा होता. अधिकारी बाईंनी विचारलं, ही हत्यारं कशाला? बायकोचं दार दुरुस्त करायला, तो म्हणाला. बाई हसल्या म्हणे. मग म्हणाल्या, इथे सुतार मिळत नाहीत का?

"मग तू काय म्हणालास?"

"खरं तेच. म्हटलं, तुमच्या इथला एक माणूस टपून बसलाय ते दार करायला. त्याच्या आधी मला करायचंय."

कागदावर हे एका ओळीत होतं. भेटीच्या व्हिसावर येऊन स्थानिक माणसाचं काम स्वतः करण्याचा हेतू. एवढी नेटकी ओळ मला कधी जमली नसती.

वहिनी बाहेर पाच तास थांबली होती. हातात त्याच्यासाठी जाड कोट. दोघांनी एकमेकांना पाहिलंही नाही.

"एवढ्या लांब एकटीच आली होती?" ताईने विचारलं.

मिस्त्रीने बॅगेची चेन लावली. "गाडी चौथ्या मजल्याची होती."



दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, चेहरा दिसणारा. वहिनीचे डोळे सुजलेले होते. हातात नवाकोरा रंधा.

"तू सांग," ती म्हणाली. "मी करते."

"दार उतरवायला दोन माणसं लागतात."

तिने बाजूला बघितलं. "आहेत."

तिने फोन टेबलावर उभा केला. दाराच्या कडेवर एक पंजा दिसत होता. रुंद, केसाळ. बाकीचा माणूस दारामागे. मिस्त्री त्या बोटांकडे बघत राहिला. त्याच्या कानशिलावरची शीर फुगली होती. आता फोन बंद करणार, असं मला वाटलं.

"त्याला सांग," तो शेवटी म्हणाला, "खालून धर म्हणावं. अंगठा मध्ये ठेवू नको. चेंगरेल."

पंजा खाली सरकला.

दार उतरलं, आडवं झालं. वहिनी रंधा मारू लागली. "उलटा चालवू नको, लाकडाच्या रेघा बघ. हलका हात. थांब, आधी ते मेण खरवड." मेण म्हणताना त्याचा आवाज चढला. तेवढंच.

दार पुन्हा बिजागऱ्यांवर बसलं, तेव्हा वहिनीच्या केसांत भुसा होता. इथे मिस्त्रीचा हात पुढे गेला आणि फोनच्या काचेला लागला.

"आता लावून बघ," तो म्हणाला. "तू आत. तो बाहेर."

दार लागलं. जराही घासलं नाही.

"कडी?"

"लावली."

वहिनी आत एकटी उभी होती. मिस्त्रीने इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकली.

बाहेरून टकटक झाली.

"त्याची हातोडी आत राहिली," वहिनी म्हणाली.

"राहू दे," मिस्त्री म्हणाला. "दोन मिनिटं उघडू नकोस."