तिकिटाच्या मागचं नाव

बाळांनो, ऐंशीच्या दशकात सरकारच लॉटरीची कागदी तिकिटं छापायचं. ठरल्या दिवशी सोडत व्हायची आणि लागलेले आकडे पेपरात यायचे. मला तो सगळा जुगार वाटे.

मी तेव्हा सौंसरच्या बसस्टँडवरून रामाकोन्याच्या शाळेत शिकवायला जायची. दर सोमवारी स्टँडवर एक म्हातारा नवं तिकीट खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसून, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरायचा. मागे नाव-पत्ता लिहायची जागा असे आणि त्याला लिहिता येत नव्हतं.

“पोराचं नाव लिवा, बाई,” पहिल्या वेळी तो म्हणाला.

“आणि पत्ता?”

“इथलाच टाका, माह्या घरचा.”

“मुलगा इथेच असतो का?”

“नाई जी. सुरतेले गेला, चार साल झाले. चिठ्ठी नाई, काई नाई. पन मोठं इनाम लागलं तं सही कराले यावंच लागन ना त्याले!”

त्यानंतर तिकिटाचा नंबर मी वहीत टिपून ठेवू लागले. पेपर आला की बातम्यांआधी आकड्यांचं पान उघडायची. एकदा खरंच शेवटचा आकडा जुळला. बक्षीस दोन रुपयांचं होतं, तरी मी लगबगीने त्याला सांगितलं. त्याने तिकीट बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं.

“इतक्याशासाठी काय बोलावू त्याले?” तो म्हणाला.

मग तिकीटवाल्याला ते तिकीट देऊन तो बक्षिसाच्या पैशांत दुसरं घेऊन आला. मी काही न विचारता त्यावर त्याच्या मुलाचं नाव लिहिलं.