साडूभाऊंचा घाट

सह्याद्री कोणी घडवला याबद्दल भूगोलाची पुस्तकं काय म्हणायचं ते म्हणोत, आमच्या साडूभाऊंना एकदा भेटलेल्या माणसाला शंका उरत नाही. सह्याद्री साडूभाऊंनी घडवला. निदान जुन्नरच्या पश्चिमेचा तरी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला घाटघरला दिली, तेव्हा नाणेघाट, जीवधनचा किल्ला आणि खाली पसरलेलं अख्खं कोकण आधीपासूनच साडूभाऊंच्या मालकीचं होतं. आमच्या निमगाव साव्यात काय आहे? सपाट रान, कांदा आणि जवळ बेल्ह्याचा बैलबाजार. मी त्यांच्यावर जळतो ते उगीच नाही.

"आमचा घाट", "आमचं धुकं", "आमचा वारा" अशीच त्यांची भाषा. दरी धुक्यानं भरलेली असली आणि पाहुणे हिरमुसले, की ते घरमालकाच्या सुरात म्हणायचे, "आज झाकून ठेवलंय. तुमी परत यावं म्हणून." आणि पाहुणे खरोखर परत यायचे! पावसाळ्यात तिथला वारा कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडवतो. हे पटवायला साडूभाऊ डोक्यावरची टोपी दरीत भिरकावायचे आणि वर आली की झेलायचे. एकदा टोपी आलीच नाही. मी आतून सुखावलो. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "गेली कोकणात. येईल बाजार करून." पाहुणे हसून हसून खाली बसले आणि माझं सुख तिथंच संपलं.

घाट दाखवण्याची त्यांची रीत ठरलेली. कडा जवळ आला की हुकूम सुटायचा, "मान खाली! माझ्या टाचांकडं बघत या." मग भले भले लोक मान खाली घालून त्यांच्या भेगाळलेल्या टाचांमागं चालायचे. काठाच्या चार हात अलीकडे ते थांबत आणि म्हणत, "हं, उचला!" सगळ्यांच्या माना वर होत आणि सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघे, "वा!" साडूभाऊ मात्र दरीकडे पाठ करून उभे. त्यांनी स्वतः दरी बघितल्याचं मला आठवत नाही. ते पाहुण्यांची तोंडं बघत. ती 'वा' हीच त्यांची कमाई, आणि ती मी त्यांना कधी दिली नाही. "बरं आहे," म्हणायचो. ते हसायचे, पण चेहरा उतरायचा. "आमच्या पावण्याच्या तोंडून वा काय निघंना राव," असं ते अख्ख्या गावाला सांगत. बायको म्हणायची, "एकदा म्हणून टाका की. जीभ झिजंल का तुमची?" जीभ झिजली नसती, पण माझ्या वाटणीची माणसं हा गृहस्थ ओढून नेत होता, त्याला वर 'वा' कशाला द्यायची?

आमचे सासरे, म्हणजे मामा, दर श्रावणात कळंबहून निघत. नारायणगावच्या स्टँडवरून एक एसटी पूर्वेला आमच्याकडे येते, दुसरी पश्चिमेला जुन्नरकडे जाते. मामा वर्षानुवर्षं डोळे झाकून जुन्नरच्या एसटीत चढत. मग त्यांचे गुडघे गेले. एका डोळ्यात आसू आणि दुसऱ्यात हसू घेऊन मी त्यांना जीपमधून निमगावला आणलं. मासवडी खाऊ घातली, बेल्ह्याचा बाजार दाखवला. मामा म्हणाले, "बैल बरं हायेत." तिसऱ्या दिवशी साडूभाऊ दारात हजर! मामा एकदम ताठ बसले. "काय म्हनतोय रं घाट?"

"मान खाली घाला मामा," साडूभाऊ म्हणाले.

माझ्याच ओट्यावर बसून मामांनी मान खाली घातली. साडूभाऊ वारा सांगत गेले, उलटं उडणारं पाणी सांगत गेले, आणि म्हणाले, "हं, उचला!" समोर माझी कांद्याची चाळ होती. मामा तिच्याकडे बघून म्हणाले, "वा!" मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायलो.

पुढे मामा गेले. घाटापर्यंत चांगली सडक झाली, गाड्या येऊ लागल्या, माहितीचा बोर्ड लागला. लोक गाडीतून उतरून थेट कड्यावर धावतात, दरीकडे पाठ करून फोटो काढतात आणि जातात. साडूभाऊंच्या टाचांकडे कोणी बघत नाही. "त्या बोर्डाला काय तोंड हाय का?" एवढंच ते मला म्हणाले, पण आवाज पूर्वीचा नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्या पावसाळ्यात मी आपण होऊन घाटघरला गेलो. आम्ही दोघंच निघालो. सांगायच्या आत मी मान खाली घातली आणि त्यांच्या टाचांमागं चालू लागलो. त्या आता हळू पडत होत्या. "हं, उचला," ते म्हणाले. मी मान वर केली. सगळीकडे पांढरं धुकं, दरी नाही, कोकण नाही. समोर फक्त साडूभाऊंचा भिजलेला चेहरा, माझ्या तोंडाकडे बघत असलेला.

"वा!" मी म्हणालो.

ते गडबडले. "आवो पावणं, आज तर सगळं झाकलंय. तुमाला काय दिसलं?"

"दिसलं," मी म्हणालो.

साडूभाऊ हळूच वळले आणि दरीकडे तोंड करून, डोळे ताणून, मला काय दिसलं ते धुक्यात शोधत कितीतरी वेळ उभे राहिले. मला तेव्हाही त्यांचा हेवाच वाटला.