दिनूचा बसलेला बैल

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "ट्यूबरक्युलोसिस ऑफ द हिप." म्हणजे खुब्याच्या सांध्याचा क्षय. महायुद्ध चालू होतं आणि दिनू तेव्हा सहा वर्षांचा होता. थोडा लंगडायचा, झोपेत कण्हायचा. पडला असेल कुठेतरी, असं समजून आम्ही रिसोडला घरीच तेल चोळत राहिलो. ज्यांचं मूल असं लंगडत असेल त्यांनी तेलावर वेळ घालवू नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

औषध एकच होतं, निजून राहणं. छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. त्याला स्पायका म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, हा हलला नाही, नीट जेवला, तर पुन्हा चालेल. हलत राहिला तर सांधा गेला समजा."

दिनूची आई वाशीमच्या दवाखान्यात त्याच्यापाशीच राहिली. मी शनिवारी शाळा सुटली की जायचो. दिनू अंग आवळायचा, प्लास्टरच्या कडा नखांनी उकरायचा, दूध थुंकायचा. एकदा प्लास्टर कमरेपाशी तडकलं आणि सगळं पुन्हा घालावं लागलं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसते बघत राहिले. मला त्याचीच भीती वाटली. आम्ही दोघं इतके थकलो होतो की एकमेकांशीही बोलणं उरलं नव्हतं.

श्रावण सरत आला तसा त्याने धोशा लावला, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या सणाला, बैल पाहिजे. लाकडी बैल तो प्लास्टरवर आपटेल म्हणून नर्सबाईंनी मनाई केली. मग त्यांनीच एका विलायती मासिकातलं पान आणून दिलं. त्यावर क्रोशाने विणायचा मऊ कुत्रा होता; त्याचाच बैल करायचं ठरलं. दिनूच्या आईला क्रोशा येत होता, इंग्रजी येत नव्हतं. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए. माझ्या वडिलांनी ज्यासाठी पोटाला चिमटा घेतला, त्या शिक्षणातून मी आता कुत्र्याच्या विणीतले साखळी आणि खांब हे टाके वाचून दाखवू लागलो. ती विणायची. लढाईमुळे लोकर मिळेना, म्हणून पांढरा सुती दोरा घेतला. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे वडील, रहीमभाई पिंजारी, यांनी आत भरायला पिंजलेला कापूस आणला.

वशिंड आणि शिंगं आम्ही मनाने जोडली. बाकी सगळं मी पानाबरहुकूम वाचत गेलो. रहीमभाईंनी बैल उलटासुलटा करून पाहिला.

"मास्तर, बैलाले कुत्र्याचे कान लावून राह्यले का?"

"पानात तसंच आहे," मी म्हणालो.

"मंग त्या पानालेच जुपा औताले."

दिनूची आई हसली. किती दिवसांनी. तिने लोंबते कान उसवून आडवे लावले. पाय मात्र तसेच राहिले. चित्रातला कुत्रा पाय दुमडून बसला होता, म्हणून आमचा बैलही बसलेलाच झाला. नवे पाय विणायला दोरा उरला नव्हता.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दिनूने तो पाहिला आणि त्याचे दुमडलेले पाय बोटाने ओढून बघितले.

"हा उभा काहून नाही राह्यत?"

त्याची आई त्याचे केस सारखे करत म्हणाली, "पोळ्याले बैलाच्या मानेवर जू ठेवतेत का? वर्षभराचा थकला हाय. बसू दे त्याले."

"मंग उठन कवा?"

"त्याचा मालक उठन तवा."

दिनूने बैल प्लास्टरच्या वरच्या कडेपाशी छातीवर ठेवला आणि तो घसरू नये म्हणून हळू श्वास घेऊ लागला. एरवी पोरं बैल घेऊन दारोदार जातात आणि खाऊ मिळवतात, त्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. त्या दिवशी रहीमभाई गुळाचा खडा घेऊन खाटेपाशी आले. "घ्या पाटील, बोजारा." मग आणखी दोघं-तिघं आले. दिनूने गूळ खाल्ला, आणि दूधही प्यायला.

तो एका दिवसात शहाणा झाला असं नाही. पुष्कळ रडला. पण प्लास्टर पुन्हा तडकलं नाही. हलायला लागला की आई म्हणायची, "बैल पडन," आणि तो थांबायचा.

पुढच्या वर्षी प्लास्टर काढलं. पाय आखूड राहिला, खुबा नीट वाकत नाही. डॉक्टर, नर्सबाई, रहीमभाई, कोणाचे किती आभार मानू? दिनू चालतो. पूर्वी शाळेत जाताना मी पुढे निघून त्याला हाका मारायचो. आता मी त्याच्या मागून चालतो. शाळेची घंटा रस्त्यातच ऐकू येते, तरी मी त्याला घाई करत नाही.