कुवेतचे मऊ बूट

जन्नतला धावताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिच्या घरी नक्की काहीतरी विपरीत घडलंय. खाडीकाठच्या राजिवड्यातली मध्यम वयाची बाई, सलवार-कमीज, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी, आणि भर सकाळी भाट्याच्या पुलावरून पळत सुटलेली! मी हाक मारली, "काय गो, झालं काय?" ती न थांबता ओरडली, "साखर झाली!"

डॉक्टरने तिला चालायला सांगितलं होतं. चालण्याने साखर उतरली आणि हिला थेट धावायचीच चटक लागली. मी तिचं जुनं गिऱ्हाईक, माझे सगळे ब्लाउज तिच्याच मशीनवर शिवलेले. सकाळी मीही पुलावर जाते, पण चालायला. धावणं मला या जन्मी तरी झेपणारं नाही.

जन्नतचं आयुष्य त्या मशीनपुढे बसण्यात गेलं. नवरा झुबेर लग्नानंतर लगेच कुवेतला गेला, तिथल्या एका गोदामात लागला, तो अजून तिथेच आहे. मुलगी इफ्फत देवरूखला कॉलेजात. "धावतंय तेवढा वेळ मला कोण हाक मारत नाय, ताई," ती एकदा म्हणाली. "तेवढा वेळ माजा." तेव्हापासून मी तिला चिडवणं कमी केलं. बंद नाही केलं.

बायको धावते हे ऐकून झुबेरला काय आनंद झाला! त्याने दुकानात जाऊन एकेक बूट अंगठ्याने दाबून पाहिला आणि सगळ्यात मऊ होता तो घेतला. सुट्टीवर येणाऱ्या, बुरोंडी गावच्या एकाच्या बॅगेतून बूट आले. पांढरेशुभ्र, आणि सोल असा की पावाची लादी पायाला बांधल्यासारखी. अख्खी आळी बघायला जमली.

पहिले काही दिवस बाई हवेत होत्या. मग नडगीची आतली बाजू ठणकू लागली, मागोमाग गुडघा. आता, परदेशातून नवऱ्याने पाठवलेल्या वस्तूत खोट असते असं आमच्याकडे कुणी मानत नाही. तेव्हा खोट पायात असणार. जन्नतने त्यावर स्वतःच इलाज केला. काय, ते तिने कुणाला सांगितलं नाही. दुखणं मात्र वाढतच गेलं.

हिवाळ्यात शहरात पाच किलोमीटरची शर्यत होती, तिने नाव दिलं होतं. एका सकाळी ती पुलाच्या कठड्याला धरून उभी दिसली. डोळ्यांत पाणी. "माज्या नशिबात नाय ताई. बंद करतंय." मला इतका राग आला की मी तिला त्याच दिवशी नम्रताकडे नेलं. नम्रता फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या मैत्रिणीची मुलगी.

नम्रताने बुटात हात घातला आणि टाचेखालून एक गोल स्पंज काढला. मग दुसरा. "काकी, हे काय?"

ब्लाउजचे कप होते ते! दुखतंय म्हणजे मऊपणा कमी पडतोय, असं हिचं शिंप्याचं डोकं. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. जन्नत लालबुंद.

नम्रताने ते रिकामे बूट टेबलावर ठेवले. दोन्ही आतल्या बाजूला कललेले, एकमेकांना टेकायला निघालेले. मग तिने जन्नतला अनवाणी चालवलं, बूट घालून चालवलं आणि मोबाइलवर दोन्ही वेळचे पाय दाखवले. "बघा. पाऊल थोडं आत झुकतं, ते सगळ्यांचंच झुकतं. तुमचं जरा जास्त. तळाचं रबर आणि वरचं कापड यांच्यामधे हा जो फोम असतो ना, सगळा खेळ त्याचा. हा फार जाड आणि फार मऊ आहे. पाऊल त्यात रुततं, आतल्या कडेला कोसळतं, त्याच्याबरोबर नडगी वळते, गुडघाही ओढला जातो. त्यात तुम्ही वर आणखी गाद्या घातल्यात."

"म्हणजे बूट वाईट?"

"नाही हो. दुसऱ्या कुणाला छान होतील. तुम्हाला थोडा घट्ट फोम हवा, आतल्या बाजूला आधार देणारा. घालून बघा, पायाला बरा वाटेल तो घ्या. आणि पोटरीचे व्यायाम. थोडे दिवस धावणं कमी."

"कॉलरीत बक्रम नाय घातला तर कॉलर पडते, तसा," जन्नत हळूच म्हणाली.

नवे बूट इथल्याच बाजारात मिळाले, दुखणंही ओसरू लागलं. पण झुबेरला सांगायचं कोणी? बाई नव्या बुटांत धावायच्या, आणि व्हिडिओ कॉलला जुने घालून बसायच्या! मी चांगली झापली तिला. ती म्हणाली, "त्यांनी एवढ्या हौशीने घेतले गो. कसा सांगू?"

एका दुपारी ती माझं माप घेत असताना त्याचा फोन आला. हातात टेप, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला. "बूट बरे हायत ना?" त्याने विचारलं. जन्नतने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले.

"लय मऊ हायत," ती म्हणाली. "माजा पाय आत पडतो. मी दुसरे घेतले."

झुबेर गोंधळला. मग म्हणाला, "मऊ असून दुखला? मी दिवसभर सिमेंटवर उभा असतो जन्नत. संध्याकाळी टाचा नुसत्या जळतात. दुकानात ते बूट दाबले, वाटलं, असा काय तरी पायाखाली असायला हवा. म्हणून तुला घेतले."

जन्नतने माझ्या खांद्यावरची टेप काढून घेतली आणि खाली बसली. इतक्या वर्षांत तो टाचांबद्दल एका शब्दाने बोलला नव्हता. मग ती अशी काही कडाडली की मलाही धडकी भरली. "आजच्या आज दुकानात जायचा! घालून, चालून बघायचा, मग घ्यायचा! ऐकलात?" ओरडत होती आणि रडत होती.

शर्यतीत ती शाळकरी मुलींच्याही मागून आली, पण कुठेही न थांबता, न लंगडता आली. मी शेवटच्या टोकाला पाण्याची बाटली घेऊन उभी होते. तिने पाणी नंतर प्यायलं, आधी फोन पाहिला. झुबेरचा फोटो आला होता. चेहरा नव्हताच त्यात. गोदामाची सिमेंटची जमीन, आणि तिच्यावर जाड सोलच्या नव्या बुटांतले त्याचे दोन पाय.

जन्नत रस्त्याच्या मधोमध उभी. मागून येणारे तिला वळसा घालून पुढे जात होते. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, एक पाय पाहिला, दुसरा पाहिला, आणि ओढणीने डोळे पुसत मला म्हणाली, "बघ गो ताई, यांचा पाय आत नाय पडत."