ईस्टरच्या हॅमवर अननस

आमच्या घरात चाळीस वर्षांत कुणाच्या नाकाला नासलेल्या हॅमचा वास लागलेला नाही. ही बढाई नव्हे. हे झेटा आत्याच्या नाकाचं कर्तृत्व.

व्हर्जिनियाच्या या डोंगरात कडक थंडी पडली की डुक्कर कापतात. मागच्या मांड्यांना मीठ, तपकिरी साखर आणि मिरपूड चोळायची, धुरी द्यायची आणि कापडी पिशवीत घालून दीड वर्ष टांगायच्या; हीच आमची हॅम. वरून बुरशी आली तर तिला कुणी विचारत नाही, घासली की जाते. भीती आतली. मीठ हाडापर्यंत पोचलं नाही तर मांस हाडाशी आंबतं आणि वरून मांडी नव्या नवरीसारखी देखणी दिसत राहते. म्हणून टोचून बघायचं. बर्फ फोडायचा जुना टोचा तीन जागी हाडापर्यंत घालायचा, बाहेर काढून नाकाखाली धरायचा. आत्या डोळे मिटायची, ओठ आत घ्यायची, आणि आम्ही सगळे गुन्हा केल्यासारखे उभे. ती "ठेव" म्हणाली की ठेवायची. "पूर" म्हणाली की कुणालाही हुंगू न देता ओढ्यापलीकडे पुरायची. खोऱ्यातली निम्मी घरं आपापल्या मांड्या तिच्या ओसरीवर आणत. आमच्या चर्चमधल्या उपदेशकाच्या शब्दावर लोक वाद घालतात. आत्याच्या शब्दावर कुणी घातल्याचं मला आठवत नाही.

तीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मी तिचा भाचा, म्हणून मला एक बटाटा जास्त मिळाला असेल असं वाटत असेल तर तुम्ही आत्याला ओळखत नाही. उलट सगळ्या वर्गादेखत ती माझी नखं तपासायची. नवरा, आमचे हर्शेलकाका, गेल्यावर एकटी राहिली, पण ईस्टरचं जेवण तिच्याकडेच. बावीस माणसं, आणि मधोमध अख्खी, न कापलेली मांडी. पहिला काप घरातल्या थोरल्या पुरुषाला. वर लवंगा, बाकी काही नाही. तिची सून क्रिस्टल दुकानातून कापून आलेली हॅम आणते आणि तिच्यावर अननसाच्या चकत्या लावते. आत्या त्याला "टोपी घातलेलं डुक्कर" म्हणते. गेल्या नाताळात क्रिस्टलने गोड आवाजात सुचवलं होतं, की आई, आता ईस्टरचं मी बघते, तुम्ही आराम करा. आराम हा शब्द आत्याने असा ऐकला, जसं आपण डॉक्टरच्या तोंडून एखाद्या रोगाचं नाव ऐकतो.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मी मांडी उतरवायला गेलो. धुरीच्या खोलीत आत्याने टोचा घातला, काढला, नाकाखाली धरला आणि लगेच म्हणाली, "ठेव." दुसऱ्या जागी तेच, तिसऱ्या जागी तेच. डोळे मिटले नाहीत, ओठ आत घेतले नाहीत. टपाल घेतल्यासारखं उरकलं.

मी म्हणालो, "आत्या, घेवडा करपतोय वाटतं."

स्वयंपाकघर तिथून वीस पावलांवर. दारातून काळपट धूर यायला लागला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि वयाला न शोभेल अशी पळत सुटली. मी मागून गेलो तर ती करपलेल्या भांड्यापुढे पाठ करून उभी.

"नोव्हेंबरात ताप आला होता ना," ती म्हणाली. "तो गेला, जाताना नाक घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी. तुझ्या बापाला सांगितलंस तर तुझीच मांडी टांगीन."

मी म्हटलं, मग ही मांडी?

"म्हणून तर तुला बोलावलं. नाही तर उतरवायला मला काय हात नाहीत?"

म्हणजे आता नाक माझं. मी टोचा घेतला. पहिल्या छिद्राला जुन्या लाकडाचा, अक्रोडाचा वास. दुसऱ्यालाही. तिसरं कमरेच्या सांध्यापाशी, सगळ्यात घातकी. तिथे मला काहीतरी वेगळं वाटलं. किंवा वाटावं असं वाटलं. आणि घोटाळा असा, की खराब वास म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. ते तिने आम्हाला कधी कळूच दिलं नव्हतं.

"फुलदाणीतलं आठ दिवसांचं पाणी," ती सांगायला लागली. "नाही, तसं नाही. ओल्या कुत्र्याची गोधडी. अरे, तो वास आला की माणूस मागे सरतो. तू सरलास का?"

"अर्धा सरलो."

"अर्धं कुणी सरत नाही, वेंडेल."

पुरावी तर बावीस माणसांसमोर रिकामं टेबल, आणि रविवारी क्रिस्टलची टोपीवाली. ठेवावी तर बावीस पोटं. माझ्या चुलतबहिणीचं बाळ नुकतंच जेवणावर आलेलं. आत्याने छिद्रांत डुकराची चरबी भरून ती बुजवली आणि म्हणाली, मीठ उतरायला भिजत घालू, बघू.

दोन दिवस मी तिच्याकडेच होतो. पाणी बदललं, शनिवारी पहाटेपासून मंद आचेवर मोठ्या पातेल्यात मांडी शिजली. झाकण उचललं की मी वाफेत तोंड घालायचो आणि ती माझा चेहरा वाचायची. शेवटी तिलाच राहवेना. तिने सुरी घेतली आणि कमरेच्या सांध्यापाशी मूठभर मांस कापून काढलं. ईस्टरच्या मांडीला भोक. आत मांस तांबूस, कोरडं. डोळ्यांना तर चांगलं.

"मी खाते," ती म्हणाली. "मला काही झालं तर वयाने झालं म्हणतील."

निम्मं मी हिसकावून घेतलं. चव मला खारट लागली, छान लागली, आणि भीतीने काहीच लागली नाही. मग रविवार उजाडेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांवर पहारा. मी उठलो की ती विचारायची, कुठे निघालास. ती गप्प बसली की मी विचारायचो, दुखतंय का. माझं पोट दोनदा गुरगुरलं. दोन्ही वेळा तिने हातातलं काम टाकून खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली आणि घड्याळाकडे बघत राहिली. ती भूक होती हे तिला पटवायला मला तीन पाव खावे लागले.

सकाळी दोघं धडधाकट. पण भोक तसंच. लवंगांनी ते झाकणारं नव्हतं. आत्या फडताळाच्या तळाशी गेली आणि क्रिस्टलने कधीतरी आणून ठेवलेला अननसाचा डबा काढला. मी काही बोलणार होतो. तिने सुरी दाखवली.

दुपारी मांडी अननसाच्या चकत्या लेवून टेबलावर आली. क्रिस्टलचा चेहरा फुलला.

"आई, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली.

"बदल हवा कधीतरी," आत्या म्हणाली. इतकं वाईट खोटं ती आयुष्यात बोलली नसेल.

माझे वडील, डॉयल, तिचे धाकटे भाऊ आणि आता घरातले थोरले पुरुष, यांनी अननसाकडे पाहिलं. मग बहिणीकडे. मग माझ्याकडे; मी गुरुवारपासून घरी गेलो नव्हतो. प्रार्थना झाली. आत्याने पहिला काप कापला आणि नेहमीप्रमाणे त्यांच्या ताटलीत ठेवला.

बाबांनी तो काप काट्याने उचलला आणि टेबलावरून माझ्या ताटलीत ठेवला.

"आधी वेंडेलला, ताई," ते शांतपणे म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. का, ते कुणाला कळलं नव्हतं. आत्याला कळलं होतं. तिने सुरी खाली ठेवली नाही. मी डोळे मिटले, ओठ आत घेतले आणि हुंगलं. अक्रोड, धूर, आणि देवाशपथ, अननस. मग खाल्लं.

"ठेव," मी म्हणालो.

बाबांनी आपली ताटली पुढे केली. "दोन काप वाढ," ते आत्याला म्हणाले, "आणि हे पिवळं काढ वरचं."