आबांचा आवाज आणि माझी नवी डिस्क

घशाच्या ऑपरेशनमध्ये आबांचा आवाज गेला, आणि जो थोडा उरला होता तो घालवायला मी निघालो.

आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म भीमगीतं गायले. केडगावपासून राहूपर्यंत जयंतीला त्यांच्याशिवाय पान हलत नसे. आता ते पाटीवर लिहून बोलतात. त्यांच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. (बुरशी लागली होती हो!)

"म्हंजी आता एकच प्रत?" माझ्या बायकोनं, सुनीतानं, तेव्हाच विचारलं होतं.

"एक कशी? दोन डिस्कवर तेच तेच लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी जित्ती!"

कुरकुंभच्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. घरात माझ्या शब्दाला वजन होतं. होतं!

मग एक डिस्क मेली. मी ऐटीत नवी बसवली. जुनीवरचं सगळं नवीवर उतरायला एक दिवस गेला. रविवारी दुपारी 'रीबिल्ड पूर्ण' असं आलं, मी मशीन बंद करून चालू केलं, आणि ते अर्ध्यातच अडकलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं : गाण्यांचा कप्पा सापडत नाही.

उलटं तर झालं नाही? नव्या डिस्कचं कोरेपण जुनीवर उतरलं असेल तर?

नेमकी त्याच दिवशी राहूची आत्या भावाचा आवाज ऐकायला आलेली. बाहेरून हाक आली, "गानं कवा लावतूस रं?"

"आत्या, मशीन गरम व्हायला वेळ लागतोय!" (घामानं मीच भिजलो होतो.)

मोबाईलवर उपाय शोधला. एका भल्या माणसानं एका ओळीची कमांड दिली होती. ती टाईप केली. एंटर तेवढं बाकी. तेवढ्यात सुनीतानं माझं मनगट धरलं.

"अहो, ह्यानं काय हुतं?"

"दुरुस्त होतं."

"नक्की?"

नक्की माहीत नव्हतं. शिरूरच्या मेहुण्याला, विकासला, फोन लावला. तो दिवसभर अशीच मशीनं सांभाळतो. मी कमांड वाचून दाखवली.

"दाजी, हात मागं घ्या! ही डिस्क कोरी करायची कमांड हाय!"

मी खुर्चीसकट मागं सरकलो. आबा दारात उभे होते. त्यांनी पाटी वर धरली : 'गेलं का?' माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आता घरात न बोलणारे दोघं झालो.

"आता फक्त बघायचं, लिहायचं न्हाई," विकास म्हणाला. त्यानं सांगितलं तसं टाईप केलं. "दोन्ही डिस्क दिसत्यात?"

"दिसतात."

"मशीननं दोघींच्या जोडीला काय नाव दिलंय?"

"एमडी एकशे सत्तावीस."

"आन् सेटिंगच्या फाईलीत काय लिवलंय?"

"एमडी शून्य."

विकास इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "दाजी, गानी हायेत तिथंच हायेत! जोडीचं नाव बदललंय, आन् तुम्ही जुन्या नावानं हाका मारताय!"

नव्या नावानं कप्पा उघडला, नुसता वाचण्यापुरता. गाणी सगळी होती! मग फाईलीतली ती ओळ बदलली, मशीन पुन्हा चालू केलं आणि पहिलं गाणं लावलं. आबांचा खणखणीत आवाज घरभर घुमला. आत्यानं पदर डोळ्याला लावला. सुनीता भिंतीला टेकून खाली बसली. आबा डोळे मिटून ऐकत राहिले, मग पाटीवर लिहू लागले. मी आशीर्वादासाठी पुढं वाकलो.

'दुसऱ्या कडव्यात सूर पडलाय. तेवढं पुसता येईल?'

"येईल की!" म्हणत मी वळलो, तर सुनीता कीबोर्ड घेऊन स्वयंपाकघरात निघाली होती. आता तो डाळीच्या डब्यामागं असतो, आणि मागितला की आधी ती विकासला फोन लावते.