लाल गाडीतली पुढची जागा

मी म्हातारपणी लाल गाडी घेतली, ती पण दोन दारांची. कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळींनी त्यावर बरंच तोंडसुख घेतलं. घेऊ देत. का घेतली ते कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगतो.

बायको दम्याने गेली. मी खिदिरपूरच्या गोदीत क्रेन चालवायचो, नुकताच त्यातून मोकळा झालो होतो. ते दिवस शहरात वाईट होते. कुठल्या गल्लीत बॉम्ब फुटेल सांगता यायचं नाही, आणि दिवेलागण झाली की टॅक्सीवाले आमच्या बाजूला यायचे नाहीत. तिला धाप लागली तेव्हा मी नाक्यावर उभा राहून हात करत होतो. एक थांबला, कुठे जायचं ते ऐकलं आणि निघून गेला. शेवटी एक मिळाली तोवर उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतंत तरी काही सांगता आलं नसतं. डॉक्टरांना तसं बोलावंच लागतं. मला ते तेव्हा पटलं नाही, अजून पटत नाही.

घरात उरलो मी आणि अक्का. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. फार लहान वयात विधवा झालेल्या. आमच्या मुलीच्या वेळेला बाळंतपण करायला कोकणातून आल्या त्या राहिल्याच. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, अक्का इथेच. दमा त्यांनाही होता. दोघी बहिणींच्या छातीत तो माहेरूनच आलेला.

तेरावा झाला आणि अक्का म्हणाल्या, "वर्षश्राद्ध उरकलं की मी गावी जाते, भाऊजी. बहीण होती तोवर माझं इथे नातं होतं. आता काय म्हणून राहू?"

गावी त्यांचं होतं कोण? एक पुतण्या. त्याने पडवीतली खोली देऊ केली होती, आणि डॉक्टर खाडीपलीकडे. तिथे धाप लागली तर होडीची वाट बघायची. म्हणजे पुन्हा तेच. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. पण बायकोच्या बहिणीला 'राहा' कसं म्हणायचं, ते मला ठाऊक नव्हतं. चौथीपर्यंत शिकलो, त्यात ते नव्हतं. म्हणून मी गाडी बघायला लागलो. दारात गाडी उभी असली की त्यांना आपोआप कळेल, असा माझा हिशेब.

खालच्या मजल्यावर बँकेतले एक साहेब राहायचे, पुण्याहून बदलून आलेले. ते म्हणाले, "काका, अँबॅसेडर घ्या. सात माणसं आरामात बसतात."

"माझ्याकडे दोनच आहेत," मी म्हटलं.

तरी चालवून बघितली. गाडीत खोट काही नाही. पण आमच्या बोळात वळवताना मला धक्क्याला लागणारं जहाज आठवलं.

मग मल्लिक बाजारच्या एका मिस्त्रीने दोन दारांची लाल हेराल्ड गाडी दाखवली. चहाच्या कंपनीतला कोणी गोरा साहेब विलायतेला परत जाताना विकून गेलेला. मिस्त्रीने खटके सोडले आणि गाडीचं सगळं नाकाड पुढे उलटलं. इंजिन उघडं. पुढच्या चाकावर बसून हात घालता येत होता, कंबर वाकवायला नको. माझ्या वयाला ह्याहून सोय ती काय? आणि वळायची तर रिक्षासारखी, जागच्या जागी. मैदानाकडच्या रुंद रस्त्यावर नेली आणि पाय दाबला. बायको गेल्यापासून मला हसू आलं नव्हतं, ते तिथे आलं. लगेच लाजही वाटली. शेजारी बसलेला मिस्त्री म्हणाला, "दादा, आस्ते. ब्रेक पण आहे."

मी चाकं बघितली, चासी बघितली, वायर न् वायर बघितली. दाराकडे बघितलंच नाही. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून आत शिरायला लागतं, हे मला दिसत होतं, पण डोक्यात शिरलं नाही.

ते शिरलं गाडी अक्कांना दाखवायला आणली तेव्हा. अक्का नऊवारी नेसायच्या, गुडघे धरलेले. त्यांनी एक पाय आत टाकला, डोकं घातलं आणि तिथेच अडकल्या. मी बाहेरून विचारतोय, "काय झालं?" आतून आवाज, "काय व्हायचंय? गाडी आहे का मांजराची वाट? ओढा मला बाहेर."

बाहेर काढलं. धाप लागली होती.

"पुढे बसा," मी म्हटलं.

"पुढे?" त्यांनी पदर सारखा केला. "नवऱ्याच्या शेजारची जागा ती, भाऊजी. तिथे ती बसली असती. मी विधवा बाई तुमच्या मांडीला मांडी लावून बसले तर मराठी मंडळातल्या बायका काय म्हणतील? आणि त्यांचं जाऊ द्या. मला स्वतःलाच बरं वाटायचं नाही."

"ती गेली, अक्का."

"मला सांगताय?"

जेवताना मी सांगून टाकलं. मला घोळवून बोलता येत नाही. "गाडी माझ्या हौसेची आहे, खोटं कशाला बोलू. पण घ्यायची ती तुमच्यासाठी. तुम्हाला धाप लागली तर मला पुन्हा नाक्यावर उभं राहायचं नाही. तुम्ही गावी जाणार असाल तर मला गाडी नको. माझ्यापुरती ट्राम पुरे."

अक्कांनी मला ताक वाढलं आणि आपलं पान उचललं. मी समजलो, संपलं.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ते चार दारांचं धूड घेऊ नका. त्याला झाडायला माणूस लागेल. लालच घ्या."

"आणि बसणार कुठे?"

"बघू."

गाडी आली. पहिल्यांदा निघालो ते अक्कांच्या डॉक्टरकडे. त्या पुढे बसल्या, पण आमच्या दोघांच्या मध्ये भाजीची मोठी पिशवी उभी केली, कुंपण घातल्यासारखी. गोदीजवळचा पूल जहाजासाठी वर उचलला होता, म्हणून रांगेत थांबलो. शेजारच्या फुटपाथवर बँकवाल्या साहेबांची बायको बसची वाट बघत होती. तिने आधी गाडी बघितली, मग आम्हाला. अक्का ताठ झाल्या. मला वाटलं, आता ह्या उतरतात.

अक्कांनी काच खाली केली. "एस्प्लनेडला निघालीस ना? ये, मागे बस. तुझे गुडघे अजून चांगले आहेत."

मी उतरून माझी सीट दुमडली, ती बिचारी कशीबशी मागे शिरली आणि मी परत बसलो. बसल्या बसल्या तिने विचारलंच, "अक्का, तुम्ही गावी कधी निघताय?"

"गावी?" अक्कांनी मधली पिशवी उचलून मागे तिच्या मांडीवर दिली. "ही धर जरा. गावी जाऊन काय करू? तिथे मला पुढे कोण बसवणार?"

पूल खाली आला होता. मागचा लॉरीवाला भोंगा वाजवत होता. मी गाडी पहिल्या गिअरात टाकली.